निसर्गकवी आणि निसर्गकन्या

आज ऐकणाऱ्यांत जळगाव-धुळ्याकडचे बरेच जण आहेत असं दिसतंय, म्हणजे विषय तुमच्या घरचा आहे. थोडं जपून बोलायला हवं. पण फार जपून बोललं की टीका होत नाही, नुसता सत्कार होतो. बहिणाबाईंचे सत्कार आपण पुष्कळ केलेत.

सुरुवात दोन शब्दांपासून करतो. खान्देशानं मराठीला निसर्गाशी नाव जोडलेले दोन मोठे कवी दिले. एक त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी. जन्म १३ ऑगस्ट १८९०, गाव धरणगाव. दुसऱ्या बहिणाबाई चौधरी. जन्म २४ ऑगस्ट १८८०, गाव आसोदा. दोन्ही गावं जळगाव जिल्ह्यातली. आता आपण त्यांना काय म्हणतो ते बघा. बालकवींना म्हणतो ‘निसर्गकवी’ आणि बहिणाबाईंना ‘निसर्गकन्या’. शाळेच्या फळ्यावर, जयंतीच्या निमंत्रणपत्रिकेत, वर्तमानपत्राच्या मथळ्यात, सगळीकडे हेच. पुरुषाच्या वाट्याला ‘कवी’ आला आणि बाईच्या वाट्याला ‘कन्या’. तो निसर्गावर कविता करतो, आणि ही निसर्गाच्या पोटी जन्मली म्हणून हिच्या तोंडून आपोआप कविता येते. वावरात तण उगवतं ना, तशी! हा शब्द प्रेमानं वापरला जातो हे मला ठाऊक आहे. पण प्रेमानं का होईना, तो बाईंचं कसब काढून घेतो. आज मला एवढंच दाखवायचं आहे की बहिणाबाईंचा निसर्ग हा कामाचा निसर्ग आहे, आणि त्यांची कविता ही केलेली कविता आहे. घडवलेली. त्यासाठी आधी जमीन बघू या.

खान्देश म्हटलं की बाहेरच्या माणसाला केळीच्या बागा आठवतात. रावेर-यावलचा पट्टा तसा आहेच. पण तेवढा म्हणजे खान्देश नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची आणि सातमाळ्याची रांग, मधून तापी. आणि ही तापी महाराष्ट्रातल्या गोदावरी-कृष्णेसारखी पूर्वेला न जाता पश्चिमेला, सुरतेकडे जाते. नदीकाठची जमीन काळी, खोल, कापसाची. तिथून धुळ्याकडे, साक्रीकडे सरकलात की काळी संपते आणि माळ लागतो. बरड जमीन, गवत, बाभूळ, निंब, मधूनच पळस. धुळे-नंदुरबारकडे काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती जमिनीतून वर आलेल्या दिसतात. माणसानं बांधल्यासारख्या वाटतात, पण असतात लाव्हाच्या. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. इथं ‘रम्य निसर्ग’ असं म्हणायला जीभ जरा अडखळते. कोकणातला कवी नुसता अंगणात उभा राहिला तरी हिरवळ डोळ्यांत शिरते. इथं हिरवं दिसायचं असेल तर आधी कोणीतरी विहिरीतून पाणी काढलेलं असावं लागतं.

मग या उन्हाळी माळावरचं गाणं कधी फुटतं? वैशाखात! आखजीला. बाकी महाराष्ट्र जिला अक्षय्यतृतीया म्हणतो, ती आमच्याकडे आखजी, आणि ती दिवाळीच्या तोलाची. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. सगळ्यात वाईट उन्हात हा सण का? कारण वावरं रिकामी असतात. रब्बी निघालेलं, खरिपाला अवकाश. बाईच्या हाताला त्यातल्या त्यात थोडी उसंत या दिवसांत असते, आणि निंबाला तेवढी सावली असते. इंग्रजी कवितेतला वसंत फुलांवर ठरतो, आमचा वसंत कामाच्या सुट्टीवर ठरतो. श्रावणात कानबाई बसते तेव्हाही हेच सूत्र. पेरण्या होऊन गेलेल्या, भाऊबंद एकत्र येऊ शकतात, घरोघरी रोटाचे गहू दळले जातात. खान्देशातलं लोकगीत निसर्गाला असं ओळखतं, कामाच्या पंचांगातून. बहिणाबाईंनी आखजीवर आणि पोळ्यावर कविता केली, पेरणी, कापणी, मळणी, उपणणी अशी एकामागून एक केली. ती यादी निसर्गवर्णनाची नसून शेतकऱ्याच्या वर्षाची आहे.

आता १९०७ सालाकडे या. आदल्याच वर्षी, १९०६ मध्ये, सरकारनं खान्देश जिल्ह्याचे दोन तुकडे केले, पूर्व आणि पश्चिम. आजचे जळगाव आणि धुळे हे त्यांचेच वारस. त्या १९०७ मध्ये जळगावात महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते. सोळा-सतरा वर्षांचा ठोमरे तिथं कविता म्हणतो, सभा थक्क होते, आणि कीर्तिकर त्याला ‘बालकवी’ म्हणतात. ही गोष्ट तुम्ही शाळेत वाचलेली आहे. शाळेत कोणी सांगत नाही ते असं, की त्याच वेळी, त्याच जळगावात, चौधरींच्या वाड्यात सत्तावीस वर्षांची एक सून राहत होती. तेराव्या वर्षी लग्न होऊन आलेली, अक्षरओळख नसलेली. पुढं तीन वर्षांनी तिचा नवरा गेला. तिच्या तोंडी तेव्हा कोणती गाणी होती ते आज काढता येत नाही, कारण कागदावर तारीख टाकायला तिथं कोणी नव्हतं. संमेलन मात्र कवींचं होतं, आणि कवी म्हणजे ज्याच्या हातात कागद आहे तो.

बालकवींवर माझा राग नाही, कृपा करून तसं समजू नका. ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता मराठीत पुन्हा झाली नाही. पण ती कविता उभी कुठं आहे? लांब. गाव पलीकडे आहे, शेतं आहेत, वाट आहे, पाणी आहे, आणि या सगळ्यात काम करणारं माणूस एकही नाही. बघणारा एक डोळा आहे. त्या डोळ्यात उदासी आहे, म्हणून चित्र काळवंडत जातं, आणि तेच त्या कवितेचं सामर्थ्य आहे. वडिलांच्या पोलीस खात्यातल्या नोकरीमुळे बदल्यांची गावं, पुढं अहमदनगरला रेव्हरंड टिळकांचं घर, असं बालकवींचं आयुष्य फिरतं राहिलं. एका वावराशी ते बांधलेले नव्हते. त्यांचा निसर्ग खान्देशातून उचलून कुठंही नेता येतो. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रूळ ओलांडताना रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. वय अठ्ठावीससुद्धा पूर्ण नव्हतं. भादली आणि आसोदा जळगावच्या एकाच अंगाला आहेत, भुसावळच्या दिशेनं. नकाशावर ते दोन ठिपके जवळजवळ बघितले की मला अस्वस्थ व्हायला होतं. त्यातून काही सिद्ध होत नाही, पण सांगावंसं वाटलं.

आता बहिणाबाईंची कविता हातात घेऊ. सुगरणीची घ्या, सगळ्यांना येते ती. झाडाला टांगलेला खोपा, आत पिलं. पाठ्यपुस्तकानं तिला पक्षिप्रेमाची कविता करून टाकलं. पण नीट बघा, बाईंचं लक्ष कुठं आहे? अवजारावर आहे. एवढीशी चोच, तिच्यानं केलेलं हे विणकाम. आणि शेवटी माणसाला विचारणा, की तुला तर दोन हात आणि दहा बोटं आहेत, त्यांचं काय? ही कारागिरानं कारागिराकडे बघण्याची नजर आहे. इथं एक गंमत सांगतो. पक्षितज्ज्ञ म्हणतील, खोपा विणतो तो नर. मादी नंतर येते, खोपा तपासते, पसंत पडला तर राहते. म्हणजे ‘सुगरण’ हे नावच चुकीचं! पण लोकांनी ते का ठेवलं असेल? जो कोणी नेटकं करतो त्याला नाव द्यायचं तर मराठी माणसापुढं सुगरण बाई आली. लोकभाषेनं लिंग चुकवलं, पण कसब अचूक ओळखलं. बहिणाबाईंनी ते नाव जसंच्या तसं घेतलं आणि सगळी कविता त्या कसबावर उभी केली.

दुसरी घ्या, विहिरीतल्या दोन मोटांची. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीच्या काठाला लाकडी कणा, त्यावर चाक. चाकावरून जाड दोर जातो तो नाडा, आणि मोटेच्या तोंडाशी, म्हणजे सोंडेशी, बांधलेला बारीक दोर तो सोंदूर. बैल उतारावरून खाली जातात तेव्हा मोट वर येते, आणि थारोळ्यात रिकामी होते. बैल मागे सरले की मोट परत पाण्यात. आता ही कविता एक-एक भाग हातात धरते. मोटा दोन, पाणी एक. कणा आणि चाक, गती एक. दोर दोन, झीज एक. यंत्र सांगता सांगता ती अद्वैत सांगून जाते, पण ‘आता मी अद्वैत सांगते’ असा आव कुठं येत नाही. कीर्तनकार आधी सिद्धान्त घेतो आणि मग त्याला दृष्टान्त शोधतो. इथं दृष्टान्त आधी आहे. तो आयुष्यभर कानांनी ऐकलेला आहे, चाकाच्या कुरकुरीसकट, आणि सिद्धान्त त्याच्या पोटातून निघतो. हे आपोआप होत नाही, महाराजा. कोणते भाग घ्यायचे, कोणत्या क्रमानं, कुठं थांबायचं, हे कोणीतरी ठरवलेलं आहे.

तिसरी, उपणणीची. ही मला सगळ्यात जास्त आवडते. मळणी झाली, खळ्यात धान्य आणि भुसा एकत्र पडलाय, आणि वारा नाही. उंचावर उभं राहून पाटीतून धान्य सोडायचं तर वारा पाहिजे. वारा पडला की अख्खं खळं खोळंबतं. वर आभाळ भरून आलं तर वर्षाचं धान्य भिजणार. अशा वेळी बाई वाऱ्याला हाक मारतात, आणि नातं कोणतं लावतात? मारुतीचा बाप! पवनपुत्र मारुती, तर वारा हा नात्यानं त्याचा बाप झालाच. शेंदूर फासलेला मारुती गावाच्या वेशीवर बसलेला असतो, सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच्या वडलांना हक्कानं बोलावता येतं, लेकाची ओळख सांगून. लोककथा, निसर्ग आणि काम या तीन गोष्टी एका हाकेत आल्या. ‘लोकवाङ्मय आणि निसर्ग’ असे परिसंवाद होतात ना, त्यांत ही हाक ठेवा, पुरेल. आणि लक्षात घ्या, या कवितेतला वारा सुंदर नाही, तो गरजेचा आहे.

इथं काही जण म्हणतील, मग हे लोकगीतच झालं की. जात्यावर म्हटलेलं, बोलीतलं, निनावीसारखं. नाही, तेही मला पटत नाही. ओवीचा साचा लोकांचा आहे, लय जात्याची आहे, हे खरं. पण आखजीचं गाणं कसं असतं? ते वाढत जातं. एक बाई एक कडवं म्हणते, दुसरी त्यात भावाचं नाव घालते, तिसरी वहिनीला टोमणा मारते. झोका थांबेपर्यंत ते चालतं. ते मुळी संपवायचं नसतंच. बहिणाबाईंची कविता संपते. विचार एका ठिकाणी निघतो, वळतो आणि बंद होतो. ‘कशाला काय म्हणू नये’ अशी त्यांची जी कविता आहे, तिच्यातली एकेक व्याख्या तर सोनाराच्या काट्यावर तोललेली आहे. सामूहिक गाण्याला असा काटा परवडत नाही. म्हणून त्यांना लोकगीतांच्या ढिगात टाकणं हे ‘निसर्गकन्या’ म्हणण्याचंच दुसरं रूप आहे. दोन्हीकडे कवी गायब होतो!

आता कागदाची गोष्ट. जळगावात छापखाना होता, आणि बहिणाबाईंनी त्या छापखान्यावर कविता केली आहे. यंत्राचा धडाका त्यांनी टिपलाय, आणि टोला असा मारलाय की कागदाला छापून शहाणपण येतं, माणसाचं मात्र तसं होत नाही. न वाचणाऱ्या बाईनं छापखान्याची केलेली ही थट्टा! आणि त्याच छापखान्यानं त्यांचं नाव छापायला त्यांच्या मरणाची वाट पाहिली. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या. मुलगा सोपानदेव, स्वतः नावाजलेला कवी, आणि त्यांचा मावसभाऊ, या दोघांनी ऐकून जी गाणी टिपून ठेवली होती तेवढी राहिली. आचार्य अत्र्यांनी ती पाहिली, उचलून धरली, प्रस्तावना लिहिली, आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. जी कोणी टिपली नाहीत ती त्यांच्याबरोबर गेली.

हे वाईट नशीब म्हणून सोडून देऊ नका. खान्देशात टिपून ठेवणारे लोक नव्हते असं मुळीच नाही. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात वारले, ३१ डिसेंबर १९२६ ला, आणि त्यांनी जन्मभर गोळा केलेली दप्तरं सांभाळायला १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. फार मोठं काम. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, आणि साने गुरुजी ते लिहून घेत. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्याला त्या लेखणीमुळे मिळालं. मी आत्ता तुमच्याशी बोलतोय ते कोणीतरी उतरवून घेणार आहे, त्यामुळे त्या लेखणीबद्दल मला विशेष आदर आहे! म्हणजे बोललेलं लिहून ठेवावं ही जाण इथं होती, कागद होता, संस्था होती. प्रश्न एवढाच की कोणाचं बोलणं लिहिण्याजोगं मानलं गेलं. साने गुरुजींना हे खुपलं असावं, कारण अमळनेरला शिकवलेल्या या माणसानंच पुढं ‘स्त्रीजीवन’मध्ये बायकांच्या ओव्या गोळा केल्या. पण त्या ओव्या बायकांच्या म्हणून आल्या, एका बाईच्या म्हणून नाही.

आणि एक भानगड बोलीची. बहिणाबाईंची भाषा अहिराणी, असं सर्रास छापून येतं. धुळ्याची मंडळी ऐकताय ना? तुम्हाला कळेल. अहिराणीत ‘चा-ची-चं’ नाही, ‘ना-नी-नं’ आहे. ‘आहे’च्या जागी ‘शे’ आहे. बहिणाबाईंची कविता उघडा, तिथं ‘च्या’ आहे. ‘ळ’चा ‘य’ होतो, जळगावचं जयगाव होतं, पोळ्याचा पोया होतो, हे दोन्हीकडे समान, म्हणून घोटाळा होतो. ही लेवा गणबोली, जळगाव-भुसावळ-यावल-रावेरकडची. वरवर पाहता किरकोळ मुद्दा. पण एखाद्या कवीची भाषासुद्धा नीट विचारून न घेता आपण त्याला ‘मातीतला’ म्हणतो, तेव्हा कोणती माती हेही आपल्याला माहीत नसतं. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटानं त्यांची गाणी सुमन कल्याणपूरांच्या आवाजात घरोघर नेली. त्या आवाजाचे उपकारच आहेत. पण पुण्या-मुंबईच्या कानाला तेव्हापासून ही बोली गोड वाटायला लागली, आणि गोड वाटली की अर्थाकडे लक्ष जात नाही. चाल काढून टाका आणि नुसती वाचा. बाई चांगल्याच कडक आहेत. दैवावर, ज्योतिषावर, लोभी माणसावर त्यांची जीभ आखडत नाही.

यानंतरची परंपरा थोडक्यात सांगतो, कारण ना. धों. महानोरांवर स्वतंत्र व्याख्यान लागेल. अजिंठ्याच्या कुशीतलं पळसखेड, तिथं स्वतः शेती करणारा कवी. १९६७ मध्ये ‘रानातल्या कविता’ आल्या, आणि पुढं ‘पळसखेडची गाणी’ म्हणून त्यांनी आपल्या गावची लोकगीतंही गोळा केली. बघणारा डोळा आणि राबणारा हात एका माणसात आले. त्यांना कोणी निसर्गपुत्र म्हटलं नाही. ‘रानकवी’ म्हटलं. इथंही ‘कवी’ आहेच, बघा.

२०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव दिलं गेलं, आणि तिथं नावाआधी शब्द लावला ‘कवयित्री’. सरकारी कागदानं केलेली ही चांगली समीक्षा मी मान्य करतो. आता पुढचं काम. त्यांच्या पुस्तकाला शब्दार्थ जोडलेले असतात, पण ‘सोंदूर म्हणजे दोर’ एवढ्यानं भागत नाही. कोणता दोर, तो कोणाच्या हातात असतो, तो सैल पडला तर मोटेचं काय होतं, हे कळल्याशिवाय ती ओळ कळत नाही. डिझेल इंजिनं आणि विजेचे पंप आले तशा मोटा गेल्या. मोट हाकलेली, खळ्यात वाऱ्याची वाट पाहत ताटकळलेली माणसं यावल-रावेरच्या गावांत अजून आहेत, पण ती फार म्हातारी झाली आहेत. मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी पुस्तक घेऊन त्यांच्यासमोर बसावं, एकेक कविता वाचून दाखवावी, आणि ती जिथं ‘असं नाही रे बाबा’ म्हणतील तिथं लिहून घ्यावं. प्रश्नोत्तरांना वेळ ठेवलाय. धुळ्याकडच्यांनी आधी विचारा, तुमचा राग मला दिसतोय.